घोडशीर

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल पडतं
ते जमिनीवर नाही, खिळ्यावर.
मग भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत,
केटलला उकळी फुटते तेव्हा मी निम्मी माणसात.
चौदा महिने असंच.

शेफिल्डमधल्या वॉक्लीचे चढ ज्यांनी पाहिले नाहीत
त्यांना काय सांगू.
घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी,
दारातल्या टपालाच्या फटी मनाला येईल त्या उंचीवर,
काही इतक्या खाली
की पत्र टाकायचं म्हणजे नमस्कारच घालायचा.
सहाशे बारा दारं, रोज.
पत्रं कमी झालीत, पार्सलं वाढलीत,
मांजराच्या वाळूची पोती सगळ्यात जड.

फिजिओचं नाव ऑलरेनशॉ,
ती स्वतःही ते घाईत अर्धं गिळते.
मला पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर,
टाचेच्या वर दोन बोटांनी दाबून विचारलं,
दहापैकी किती?

आता हिला काय सांगावं.
चढताना रग, उतरताना कळ,
रात्री ठणका, आणि खुर्चीतून उठताना
कुणी ओल्या दोरीला पीळ घालावा तसं काहीतरी,
ज्याला आईकडे एक शब्द होता
आणि मी तो विसरले.
सात, म्हटलं.
तिनं सात लिहिलं.

मग गार जेल. मग ते यंत्र,
केस वाळवायच्या यंत्राच्या चुलतभावासारखं,
आणि आवाज! सेकंदाला दहा,
एकूण दोन हजार ठोके.
मी ज्या गावची, तिथं तांबट आळीतून जाताना
आम्ही पोरी कानांवर हात ठेवून धावायचो,
दोन्ही बाजूंना नुसती मठारणी चालू.
आता हातोडीखाली मीच, कळशीसारखी पालथी.
दुखलं तर सांग, म्हणाली.
दुखत होतंच, त्यात सांगायचं काय.

तिचं म्हणणं असं:
जुनं दुखणं शरीर विसरून जातं.
म्हणजे तू नाही विसरत, शरीर विसरतं.
दुरुस्तीची माणसं केव्हाच अवजारं गुंडाळून गेलेली असतात.
तिथं पुन्हा जराशी मोडतोड केली
की ती परत येतात, कधीकधी.
कधीकधी, हे तिनं दोनदा म्हटलं
आणि तिथं माझा तिच्यावर विश्वास बसला.

टेबलाच्या भोकातून मला फक्त तिचे बूट दिसत होते,
एक नाडी पिवळी, एक निळी.
आठशेच्या आसपास बुटांनी विचारलं,
तुमच्या भाषेत या शिरेला काय म्हणतात?
घोडशीर, म्हटलं. घोड्याची शीर.
यंत्र थांबलं.
तिनंच थांबवलं, हसत होती.
तिची बहीण माल्टनला घोड्यांची डॉक्टर,
शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना ती हेच देते,
यंत्र तेवढं मोठं. आधी गुंगीचं इंजेक्शन.
मग मला का नाही?
तू लाथ मारणार नाहीस, म्हणाली.
ते तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

तीन आठवडे, तीन वेळा.
आकडा पाचवर आला, पुन्हा सहा झाला.
मग एका मंगळवारी केटलपाशी पोचले
आणि लक्षात आलं, भिंतीला हात लावलाच नाही.
बुधवारी लावला.
आईचा शब्द अजून आठवलेला नाही.

शिवाय व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे,
दोन्ही पायांनी वर, एकाच पायानं खाली,
सावकाश, जणू खाली कुणी झोपलंय.
पंधरा पंधरा, तीनदा.
वॉक्लीत पायऱ्यांना काय तोटा.
एकशे चौऱ्याहत्तर नंबरच्या दारात मी मोजत होते,
पार्सल काखेत, नऊ, दहा,
तेवढ्यात दार उघडलं. म्हातारा हॅलम,
हातात कुत्र्याचा पट्टा, कुत्रा नाही.
हे काय चाललंय?
घोडा टेकडीवरून उतरवतेय, म्हणायचं होतं,
इंग्रजीत जमलं नाही.
एक्सरसाइज, म्हटलं.
तो उंबऱ्यात उभा राहून माझ्यासाठी मोजू लागला,
अकरा, बारा, तेरा,
मग चौदाऐवजी पुन्हा बारा,
म्हणून मी दोन जास्त केले.